हत्यारांच्या पाटावरचा कीबोर्ड

उमरग्यात हायवेला लागून स्पेअर पार्टची जी दुकानं आहेत, त्यातलं एक बसप्पा बिराजदारांचं. बसप्पा जाऊन बरीच वर्षं झाली. दुकान आता त्यांचा एकुलता एक मुलगा सोमेश चालवतो. पण पाटी अजून बसप्पांच्या नावाची, गल्ल्यामागं फोटो बसप्पांचा, आणि हैदराबादेकडून आलेला ड्रायव्हर दारात उभा राहून विचारतो तेही असंच : "बसप्पामालकाचा पोरगा हाय का?" पोरगा छत्तिशीत आहे. त्याचं कपाळ मागं सरकत सरकत टाळूला भिडलंय. तरी पोरगाच. सोमेश "हाय, हाय" म्हणत पुढं येतो आणि क्लचप्लेट काढून देतो.

चिडणं त्याला जमतच नाही. त्याची आई गिरिजाबाई म्हणते, ट्रकवाले आमच्या दुकानात सामान घ्यायला कमी आणि ह्याच्यापुढं मोठ्यानं बोलायची हौस भागवायला जास्त येतात.

असा हा गरीब गाय माणूस रविवारी दुपारी शटर अर्धं ओढतो, मागच्या खोलीत जाऊन कानाला हेडफोन लावतो आणि धडाधड गोळ्या झाडतो. घाबरायचं कारण नाही, गोळ्या कॉम्प्युटरमधल्या आहेत. खेळ तसा सोपा. पाच जणांची एक टोळी गोदामात घुसायला बघते, पाच जणांची दुसरी टोळी गोदाम राखते, आणि अर्ध्या खेळानंतर बाजू बदलतात. एवढंच. एवढ्याशा गोष्टीसाठी उमरग्यातले पाच शहाणेसुरते लोक रविवारचं जेवण थंड करून खातात.

सोमेशला हा खेळ का आवडतो, ते मी सांगतो, कारण तो स्वतः कधी सांगणार नाही. खेळात प्रत्येकाच्या डोक्यावर त्याचं नाव तरंगत असतं. बाकीच्यांनी नावं घेतलीत ती ऐकूनच धडकी भरावी अशी. कुणी यमदूत, कुणी काळभैरव, आणि मोबाईल दुरुस्तीवाला मल्लेश तर 'मराठवाड्याचा कर्दनकाळ'. सोमेशनं नुसतं 'सोमेश' लिहिलंय. हेडफोनमधून कुणी ओरडलं, "सोमेश, डावीकडं बघ!" की ह्याच्या अंगावर मूठभर मांस चढतं. आठवड्यातून तेवढाच वेळ तो कुणाचा पोरगा नसतो.

आता त्याच्या कीबोर्डविषयी. तो वेगळाच विषय आहे, आणि सोमेशसमोर तुम्ही तो काढू नका, संध्याकाळ जाईल. हा कीबोर्ड त्याला चाँदपाशाच्या भंगारात मिळाला, एका जुन्या जॅकच्या बदल्यात. गावातला एक दवाखाना बंद पडला, त्याच्या बिलाच्या टेबलावरचा तो. पिवळा पडलेला, विटेसारखा जड, मागं गोल पिनेची जुनी वायर. प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र काळा स्विच आणि स्विचमध्ये स्प्रिंग. हल्लीच्या स्वस्त कीबोर्डात बटणाखाली रबर असतं, ते दाबलं की चिखलात पाय घातल्यासारखं होतं. काही स्विच दाबताना मध्येच टक् करतात. हा काळा स्विच तसलं काही करत नाही. अडत नाही, वाजत नाही, वरून दाबला की सरळ खाली आणि सोडला की सरळ वर. ह्याला लिनिअर म्हणतात. आणि गंमत अशी की तो जितका वापरावा तितका गुळगुळीत होतो. नवा असताना आत बारीक खरखर असते, वर्षानुवर्षं बोटं चालली की ती जाते. दवाखान्यातल्या कुण्या बाईनं आयुष्यभर तापाची, जुलाबाची आणि टाक्यांची बिलं बडवली, आणि त्या बडवण्याचं लोणी सोमेशच्या बोटांना मिळालं. गोळीबाराच्या खेळात कोपऱ्यावरून डावीकडं डोकावून झटक्यात उजवीकडं परतायचं असतं. तिथं असं बटण असलं की बोटात आणि मनात अंतरच राहत नाही.

अर्थात पहिल्याच आठवड्यात ह्या पठ्ठ्यानं त्यात ग्रीस भरलं. चेसिसला मारतात ते. त्याच्या दुकानात ग्रीस हा सर्व रोगांवरचा इलाज आहे, त्यामुळं दोष तरी कसा द्यायचा? बटणं दाबली की खालीच बसायची, आणि खेळातला सोमेश भिंतीला नाक घासत एकाच दिशेनं चालत राहायचा. मग एकेक स्विच उघडून, रॉकेलनं धुऊन, वाळवून, ब्रशनं नावाला तेल फिरवून त्यानं सगळं पुन्हा बसवलं. त्या दिवसापासून त्याच्याशिवाय त्या कीबोर्डाला कुणी हात लावायचा नाही, असा घरात कायदा झाला. गिरिजाबाईंनी तो कायदा पाळला, पण कीबोर्डाला 'ते टकटकं' म्हणायचं काही सोडलं नाही.

ह्या सगळ्या सुखात माशी पडली ती दसऱ्याच्या तोंडावर. टोळीचा कप्तान झुबेर. हायवेवर टायरच्या दुकानाच्या वर त्याचा गेमिंग कॅफे आहे. सोमेशपेक्षा वयानं लहान, पण खेळात त्याचा शब्द शेवटचा. खांडेनवमीच्या दुपारी त्यानं कॅफेत सामने ठेवले होते, गुलबर्ग्याहून आणि तुळजापुराहून टोळ्या येणार होत्या. आदल्या रविवारी खेळ संपल्यावर त्यानं सोमेशला थांबवून घेतलं.

"सोमेश, बुरा मानू नको," झुबेर म्हणाला. "तू सगळ्यांच्या पुढं पळतो आन सगळ्यांच्या आदी मरतो. दर टाइमाला. चौघांनी पाचांशी लढायचं, किती दिवस? रणधीर बाहेर बसून वाट बघालाय. खांडेनवमीला तुझा खेळ दिसला तर ठीक. न्हाय तर मग रविवारी रणधीर."

रणधीर म्हणजे कॉलेजातलं एक सडपातळ पोरगं. त्याची बोटं शेंगा सोलल्यासारखी भराभर चालायची. सोमेश "बरोबर हाय तुझं" म्हणाला आणि घरी आला. वाईट तर त्याला इतकं वाटलं की चालत येताना दोनदा त्याची चप्पल निघाली. झुबेरचं काहीच चुकीचं नव्हतं, हेच तर दुःख. दुकानात दिवसभर जागचं हलता येत नाही, म्हणून खेळ सुरू झाला की ह्याला पळावंसंच वाटायचं. आणि रविवार गेला की राहिलं काय? क्लचप्लेट.

खांडेनवमीची सकाळ उजाडली. बायको शिवप्रिया मुलांना घेऊन आळंदला माहेरी गेलेली, घरात मायलेकच. सोमेशनं अंघोळ केली, लिंगपूजा केली, आणि कीबोर्ड पिशवीत घालायला मागच्या खोलीत गेला. टेबलावर कीबोर्ड नव्हता. होता तो देवघरासमोर.

आता खांडेनवमी म्हणजे काय ते आपल्याकडं कुणाला सांगायला नको. ज्याचं जे हत्यार, ते त्या दिवशी धुऊनपुसून मांडायचं आणि पुजायचं. बिराजदारांच्या घरची रीत जरा कडक. एकदा पाटावर हत्यार बसलं की दसऱ्याच्या सकाळपर्यंत ते हलवायचं नाही. वर्षभर राबलेल्या वस्तूला तेवढा आराम द्यायचा. तर त्या पाटावर तांबड्या कापडावर लोखंडी त्राजू होतं, पान्ह्यांचा संच होता, हातोडा होता, मोठा जॅक होता, आणि ह्या सगळ्या लोखंडी मंडळींच्या मधोमध, गावच्या पाटलासारखा, कीबोर्ड बसलेला होता. लांब बटणावर विभूतीचे तीन पट्टे. बाकीच्या एकेका बटणाला हळदीकुंकवाचं बोट. वर झेंडू. वर अक्षता. आणि फुलानं शिंपडलेलं पाणी चारी कोपऱ्यांना चमकत होतं.

"अव्वा!" सोमेश ओरडला. चिडणं जमत नाही म्हणालो ना मी? त्या दिवशी जवळजवळ जमलं. "अव्वा, हे काय केलंस?"

गिरिजाबाई उदबत्ती ओवाळत होत्या. त्यांनी वळूनही बघितलं नाही. "पूजा केली."

"त्याची? त्याला पाणी चालत न्हाय! आन इबूत आत जाती! एकेक बटण म्या…"

"इबुतीनं कुणाचं वाईट झालंय का कदी? गप पाया पड."

"मला दुपारी पायजे ते. आज सामने हाईत."

आता त्या वळल्या. "आज? खांडेनवमीला? मांडलेलं हत्यार उचलणार हाईस तू? तुज्या बापानं कदी पान्हा तरी उचलला का आजच्या दिवशी? गाडी बंद पडून लोक दारात उभे राहायचे, तरी न्हाय."

सोमेश पाया पडला. पडता पडता जवळून बघितलं, तर बटणांच्या फटीत विभूती पोचलेली. त्याला अगदी भडभडून आलं.

गिरिजाबाई शेजारी प्रसाद द्यायला गेल्या आणि मग सोमेशनं आयुष्यातलं पहिलं मोठं पाप केलं. दुकानात बिलाच्या टेबलावर दुसरा कीबोर्ड होता, तो रबराचा, हलका, कुणी विचारत नाही असला. तो त्यानं आणला. पाटावरचा कीबोर्ड देवाची माफी मागत उचलला आणि त्या जागी रबराचा ठेवला. त्यावर विभूतीचे तीन पट्टे ओढले. हळदीकुंकवाची बोटं उठवली. ती उठवताना घाईत एका ओळीला दोनदा कुंकू लागलं आणि एक ओळ विधवेसारखी कोरडीच राहिली, मग ती झेंडूनं झाकली. लांबून बघितलं तर ठीक वाटलं. सोमेशला तसं लांबून बघितलेलं सगळंच ठीक वाटतं.

कॅफेत पोचला तेव्हा सामना सुरू व्हायला आला होता. कीबोर्ड उलटा करून झटकायलाही वेळ मिळाला नाही, नुसता रुमालानं वरून पुसला. झुबेर म्हणाला, "ये क्या, हळदीला बसवून आणलास काय ह्याला?" रणधीर मागं खुर्ची टाकून बसलेला होता. सोमेशनं त्याच्याकडं बघायचं टाळलं आणि गोल पिनेची वायर जोडली.

पहिली पाळी गोदाम राखायची, समोर गुलबर्ग्याची टोळी. शिट्टी झाली, आणि सोमेश सवयीनं सगळ्यांच्या पुढं पळायला गेला.

जागचा हललाच नाही.

त्यानं बटण पुन्हा दाबलं. पुढं जायचं बटण अर्ध्यावर जाऊन थांबत होतं. खाली अक्षतेचा दाणा अडकलेला. नखानं बटण उपटायचा प्रयत्न केला, जुनं बटण, हलायला तयार नाही. डावीकडचं आणि उजवीकडचं चालत होतं, पण विभूतीनं त्यांचं लोणी खाऊन टाकलेलं. जात्यासारखी घरघर बोटांत येत होती.

"सोमेश, काय करालास?" झुबेर हेडफोनमधून ओरडला.

"मला पुढं येता येईना!"

"मग तिथंच मर!"

तर सोमेश तिथंच राहिला. गोदामाच्या दाराआड, पिंपांच्या मागं, डावीकडं एक पाऊल, उजवीकडं एक पाऊल. करणार काय बिचारा? आणि गुलबर्ग्याची पोरं एकामागून एक त्या दारातून आत येत गेली. त्यांना कुणीतरी सांगून ठेवलं होतं की ह्या टोळीतला सोमेश नावाचा इसम आधीच मरतो, पिंपांमागं बघायची गरज नाही. पहिला पडला, दुसरा पडला. तिसरा पडल्यावर मल्लेश कर्दनकाळ खुर्चीत उभाच राहिला. ती पाळी उमरग्याच्या टोळीनं सहज घेतली.

मग बाजू बदलली. आता गोदामात घुसायचं होतं, आणि घुसायला पुढं जावं लागतं. चौघं पुढं गेले, सोमेश रस्त्यात खांबासारखा उभा. मागं रणधीरची खुर्ची करकरली. आणि मग सोमेशच्या ध्यानात आलं की मागं जायचं बटण तर चालू आहे.

त्यानं गोदामाकडं पाठ फिरवली आणि उलटं चालायला सुरुवात केली.

आता हे उमरगा आहे. इथल्या लहान पोरालाही ट्रक रिव्हर्स घेताना बघायची सवय. कॅफेत बघ्यांपैकी कुणाला तरी ते दृश्य ओळखीचं वाटलं आणि त्यानं क्लीनरच्या सुरात आवाज दिला, "येऊ द्या! येऊ द्या!" क्षणात सगळा कॅफे ओरडू लागला. "डावी मारा! डावी मारा! सरळ करा! येऊ द्या, येऊ द्या, बास!" मल्लेशला हसून हसून ठसका लागला, त्याचा कर्दनकाळ दारातच मेला. पण सोमेश उलट्या पावली गोदामात शिरला, आणि तोंड मागं असल्यामुळं पाठलाग करत आलेले गुलबर्ग्याचे दोघंही त्याला समोरासमोर सापडले. पहिला सामना जिंकला.

मधल्या सुट्टीत झुबेरनं टाचणी आणून दिली. सोमेशनं मोठ्या समाधानानं बटण उपटलं, दाणा काढला, बटण बसवून बघितलं. एकदम मोकळं. दुसऱ्या सामन्यात तुळजापूरच्या टोळीविरुद्ध तो शिट्टीसरशी सुसाट पळत सुटला, सगळ्यांच्या पुढं, आणि सगळ्यांच्या आधी मेला. प्रत्येक वेळी. तुळजापूरकरांनी त्यांना अगदी धुऊन वाळत घातलं.

सोमेशनं वायर काढली, गुंडाळली, आणि मान खाली घालून निकालाची वाट बघत उभा राहिला. झुबेरनं टेबलावरचा अक्षतेचा दाणा उचलून बघितला.

"रविवारी ये," तो म्हणाला. "पन दारात उभं राहायचं. पुढं पळायला रणधीर हाय, मल्लेशला बाहेर बसवतो म्या. आन पळावंसं वाटलं तर घरून तांदूळ घेऊन ये."

जागा वाचली होती. आनंदानं खरं तर त्यानं नाचायला हवं होतं. पण जिना उतरताना त्याच्या डोळ्यांपुढं पाट आला. दिवसभर आपण देवापुढं बनावट माल मांडून ठेवलाय! गिऱ्हाइकाला कधी डुप्लिकेट बेअरिंग दिलं नाही, आणि आईला दिलं. वाटेत त्यानं दोन सबबी तयार केल्या, दोन्ही त्याला स्वतःलाच पटल्या नाहीत.

घरात शिरला तेव्हा ऊन उतरलं होतं. गिरिजाबाई पाटासमोर बसून दिव्याची वात सारखी करत होत्या. पाटावर त्राजू होतं, पान्हे होते, हातोडा होता, जॅक होता. मधली जागा रिकामी. रबराचा कीबोर्ड नव्हताच.

"अव्वा," सोमेश म्हणाला. पिशवी त्यानं पाठीमागं धरलेली, जणू ती दिसणारच नाही. "अव्वा, म्या…"

"ते दुकानाचं हुतं," गिरिजाबाई म्हणाल्या. "जिथल्या तिथं नेऊन ठेवलं. तू गेलास तवाच."

"तुला कळलं?"

"कळंल न्हाय तर काय! तुझं उचलताना मनगट भरून आलं हुतं माजं. हे तर फुलावानी हातात आलं."

"मग बोलली का न्हायस? झुबेरकडं माणूस धाडायचास. शिव्या द्यायच्यास."

गिरिजाबाईंनी वात पुढं ओढली, बोट पदराला पुसलं. बोलल्या त्या त्याच्याकडं न बघता. "त्राजू तुज्या बापाचं. पान्हे तुज्या बापाचे. जॅक बी त्येंनीच सोलापुरातनं आणलेला. दर साली मांडते आन दर साली बघते, ह्यात माज्या लेकाचं काय हाय? कायबी न्हाय. बाप गेला तवा कॉलेजातनं उचलून गल्ल्यावर बसवलं तुला. बसतोस का म्हणून कुणी इचारलं न्हाय. म्या बी न्हाय. यंदा म्हटलं, त्या टकटक्याम्होरं बसल्यावर पोरगं हसतंय, मला भिंतीतनं आयकू येतंय. तेच मांडावं."

सोमेश तिथंच खाली बसला आणि त्याला रडू आलं, छत्तिशीतल्या माणसाला येऊ नये तसं, नाक वाहीपर्यंत. गिरिजाबाईंनी त्याला रडू दिलं. मग पिशवीकडं हात केला.

"न इचारता गल्ल्यावर बसवलं, ते बसवलं. आता इचारते," त्या म्हणाल्या. "जिकलास का?"

"एक जिकलो. एक हरलो."

"आन पुना जायाचं हाय का न्हाय?"

"हाय. रविवारी."

"मग दे हिकडं," त्या म्हणाल्या, आणि त्राजू जरा बाजूला सारून त्यांनी मधली जागा मोठी केली.